बारावा पदार्थ

१२ जानेवारी

वन्संना वहिनीचा नमस्कार. गुडघ्यांमुळे उभ्यानेच केला आहे, गोड मानून घ्यावा.

पत्र बघून दचकू नका, सगळी खुशाल आहेत. फोनवर तुम्ही "हं, बरं, गॅसवर पातेलं आहे" याच्या पुढे जात नाही, आणि मला जे विचारायचं आहे ते पातेलं उतरवून, हात पुसून, बसून सांगण्यासारखं आहे. म्हणून हा कागदाचा उपद्व्याप.

नात आता उपडी वळते आणि परत सुलटं होता येत नाही म्हणून सगळ्या घराला शिव्या घालते. लेक बरी आहे, मेमध्ये कामावर रुजू होईल. जावई गुणी. भांडी घासतो, फक्त कढईला मागची बाजू असते हे त्याला अजून कळलेलं नाही. त्याच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, इथेच आहेत, एप्रिलअखेर जायच्या आहेत. त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही, आणि मला स्पॅनिश सोडून बाकी कामापुरतं येतं. आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना बसतो आणि एकमेकींकडे बघून हसतो. सहा आठवडे हसून माझे गाल दुखायला लागले आहेत. भांडणाऱ्या विहिणी पुष्कळ पाहिल्या, हसून दमलेल्या आम्हीच पहिल्या.

शेवटी लेकीने कोपऱ्यावरच्या वाचनालयात स्पॅनिशच्या वर्गाला माझं नाव घातलं. वर्गात अकराजण. सगळ्यात म्हातारी मी, माझ्याखालोखाल एक प्लंबर आहे, तो चाळिशीचा. सूपला हे लोक 'सोपा' म्हणतात, तेव्हा सुरुवात तरी बरी झाली.

आता बाईंनी प्रत्येकाला एक काम दिलं आहे. मनातल्या हॉटेलचं मेनूकार्ड स्पॅनिशमध्ये तयार करायचं. बारा पदार्थ, आणि प्रत्येकाखाली एक ओळ, आत काय आहे त्याची. मार्चअखेर एक दिवस वर्गाचंच हॉटेल होणार, एकमेकांच्या कार्डावरून मागवायचं, वाढायचं, सगळं स्पॅनिशमध्ये. बाकीचे डोकं खाजवत बसले. मी म्हटलं, मला कशाला खाजवायला हवं? मी एकतीस वर्षं रोज सकाळी आपल्या खाणावळीचा मेनू लिहिते आहे.

दहा मिनिटांत अकरा नावं झाली. मग पेन अडलं. मास्तरांची मसूर, बरोबर. पण तिच्यात असतं काय? वन्सं, मला ठाऊकच नाही. तुम्ही आतून नाव ओरडायचं, मी बाहेर खडूने फळ्यावर लिहायचं, यातच जन्म गेला. आत काय ते तुमचं, बाहेर काय ते माझं.

तेव्हा प्रत्येकाची एकेक ओळ लिहून पाठवा. बारावा पदार्थ मला आठवत नाहीये, तोही सुचवा.

तुमची विद्यार्थिनी वहिनी

&nbsp;

२४ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. पातेलं उतरवून, हात पुसून, बसून वाचलं. शिंपीकाका समोर जेवत होते. विचारलं, "काय म्हणतात वहिनी?" म्हटलं, शाळेत जाते. त्यांना ठसका लागला, दोन ग्लास पाणी द्यावं लागलं.

एक ओळ म्हणे! मास्तरांची मसूर एका ओळीत मावली असती तर मास्तर तेवीस वर्षं तिच्यासाठी चढ चढून आले असते का? आणि तुझ्या त्या बाईंना काय पडलंय मी मसुरीत काय घालते त्याचं? एकतीस वर्षांत तू कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून विचारलं नाहीस, आणि आता इतक्या लांबून तुला आतलं हवंय.

खरं सांग. तिथे हॉटेल काढते आहेस का? जावई भांडी घासतो, विहीण हाताशी आहे, मेनूकार्ड तयार होतंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काढायचं असेल तर काढ, मी काही आडवी येणार नाही. फक्त मला शाळा-बिळा सांगू नकोस.

मी बरी आहे. आज मसूर, वांगं, नर्सबाईंचा भात, दादाचे बटाटे, सूप, काकडी, अंडी, कोबी. गर्दी नेहमीची. गल्ल्यावर शिंपीकाका बसतात आणि सुटे देण्याआधी चष्मा शोधतात, तोवर गिऱ्हाईक बसून पुन्हा पाणी पितं. फळ्याचं मी बघते, काळजी करू नकोस.

तुझं परतीचं नऊ मेचं आहे ना? त्या दिवशी बंद ठेवावं म्हणते.

नणंद

&nbsp;

६ फेब्रुवारी

वन्सं,

हॉटेल! अहो, मला इथे दुधाची पिशवी कुठल्या बाजूने फाडायची ते लेक दाखवते, मी कसलं हॉटेल काढते? शाळाच आहे. पुरावा म्हणून वहीचं एक पान सोबत जोडलं आहे. लाल शाई बाईंची, डाग सूपाचे.

परवा वर्गात मी माझी अकरा नावं वाचून दाखवली. शब्दकोशातून शब्द काढले होते. लेंतेखास देल मायेस्त्रो, मास्तरांची मसूर. बेरेन्खेना देल सास्त्रे, शिंप्याचं वांगं. बाई पहिल्यांदा हसल्या, मग समजावून सांगायला लागल्या की मेनूवर पदार्थाचं नाव हवं, माणसाचं नाही. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे पदार्थ माणसाचाच असतो. ज्याने पहिल्यांदा अमुक असं करून द्या म्हणून मागितलं त्याचं नाव फळ्यावर चढतं, आणि मग त्यात कोणी फेरफार करायचा नाही, अगदी तो माणूस गावाला गेला तरी. बाई म्हणाल्या, मग नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला कसं कळतं? म्हटलं, तो शेजारच्याला विचारतो, आणि शेजारचा त्याला मास्तरांबद्दल सांगतो. तोवर मसूर येते.

मग प्लंबर म्हणाला, "माझ्या नावाचं काय कराल?"

आणखी एक गंमत. यांच्यात वहिनीला म्हणतात 'कुन्यादा' आणि नणंदेलाही 'कुन्यादा'च. म्हणजे मी तुमची जी, तीच तुम्ही माझी. सासरी आल्यापासून तुम्हाला अहो-जाहो करून माझी जीभ झिजली, आणि इथे एका शब्दात फिट्टंफाट! विहिणीलाही त्यांच्यात शब्द आहे, 'कोन्स्वेग्रा'. मी विहीणबाईंना तसं म्हणून हाक मारली तर त्यांनी मला मिठीच मारली. मग दोघी परत हसत बसलो, कारण पुढचा शब्द येत नव्हता.

लेकीने मला पुढच्या हिवाळ्यासाठी कोट आणला आहे. आत्ता स्वस्त मिळतात म्हणे. एवढा मोठा आहे की आत तुम्हीही मावाल.

ओळी पाठवा हो. बाई विचारतायत.

वहिनी

&nbsp;

१९ फेब्रुवारी

वहिनी,

नऊ मेचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या हिवाळ्याच्या कोटाचं आलं. कळलं मला.

सगळं लिहून देते. मला काय करायचंय पोटात ठेवून.

मास्तरांची मसूर: लसूण अजिबात नाही, आलं घालायचं, कारण त्यांना पोरांपुढे तोंड उघडावं लागतं. शिंपीकाकांचं वांगं: भाजून, बिनतेलाचं, चमच्याने खाता येईल असं. बोटं कापडाला लागतात. नर्सबाईंचा भात: मऊ, नुसती मिरपूड. ड्यूटी संपवून सकाळी येते तेव्हा तिला चावायचंसुद्धा त्राण नसतं. दाढीवाल्याचं सूप: दोनदा गाळायचं, दाढीत काही अडकता कामा नये. भांडकुदळ बाईंची काकडी: मीठ घालायचं नाही, वाटीत वेगळं द्यायचं, म्हणजे भांडायला कारण उरत नाही. ती तरी भांडते. जुळ्यांची अंडी: एकाच भांड्यात, एकाच वेळी उतरवलेली. एकाचं जरा जास्त शिजलं तर दुसरा जेवत नाही. आता दोघांना मिशा आल्यात पण रीत तीच. पोस्टमनचा कोबी: कच्चट, त्याला घाई असते. चावीवाल्याचा भोपळा: सालासकट. कंपाउंडरचा पालक: तीनदा धुवायचा, तिसऱ्यांदा त्याच्यासमोर. कारकूनबाईंची केळी: भाजून, वर लिंबू, फक्त शनिवारी, तेव्हा तिला अर्धा दिवस असतो.

राहिले दादाचे बटाटे. ते एका बाजूने करपवायचे. चुकून नाही, मुद्दाम. दादाला तसेच आवडायचे, पण तू रागावशील म्हणून ताटावर बसला की म्हणायचा, "आज जरा लागलेत." लागत नव्हते, मी लावत होते. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता तुला कळायला हरकत नाही.

हे अकरा झाले. बारावा माझ्याकडे नाही.

आज मसूर, वांगं, भात, बटाटे, सूप, काकडी, अंडी, कोबी. चावीवाला भोपळा मागत होता, म्हटलं बाजारात आला नाही.

कोट अंगाला नीट बसतो ना ते बघून घे. बाह्या लांब असतील तर शिंपीकाका होते इथे, पण आता काय उपयोग.

नणंद

&nbsp;

४ मार्च

वन्सं,

बटाट्यांची ओळ वाचली आणि पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी यांच्या ताटाकडे बघून म्हणत होते, वन्संचं लक्ष नसतं. एकदा तर तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. त्यांनीही नाही, मान खाली घालून खात राहिले, लबाड कुठले! मला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि विहीणबाईंनी काही न विचारता माझ्या हातात स्वच्छ पंचा दिला.

आता माझी पाळी. लपवलं ते सांगते. लेक म्हणते, आई, तू इथेच राहा. मेमध्ये ती कामावर जाईल, विहीणबाई एप्रिलअखेर परत जातील, त्यांचंही तिकडे घरदार आहे, कोणी वाट बघत असेल. मग बाळाकडे कोण? परक्याच्या हाती द्यायला तिचा जीव होत नाही. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. कोट आणला तेव्हा मी नुसती घालून बघितला, आणि तिला तेच उत्तर वाटलं. तुम्हाला लिहायला हात धजला नाही म्हणून विनोद करत बसले.

पण वन्सं, तुम्हीही काही कमी नाही. तुमची दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. मसूर, वांगं, भात, बटाटे, सूप, काकडी, अंडी, कोबी. महिनाभराच्या अंतराने तेच आठ, आणि त्याच क्रमाने! आणि भोपळा बाजारात आला नाही? वन्सं, भोपळा कधी बाजारात नसतो? मी निघाले त्या दिवशी सकाळी फळ्यावर हेच आठ लिहिले होते. कोबी खाली बसेना म्हणून कडेला तिरका लिहिला होता, ते मला चांगलं आठवतं.

तुम्ही फळा पुसलेलाच नाही ना?

तीन महिने तेच रांधताय, माझं अक्षर पुसायला नको म्हणून?

आणि आता बाराव्याचं. काल कार्डावर अकरा पदार्थ नीट मांडले आणि एकेक माणूस मोजत गेले. मास्तर आहेत, शिंपी आहे, पोस्टमन आहे, काकडीवरून भांडणारी बाईसुद्धा आहे. तुम्ही नाही. इतक्या वर्षांत तुमच्या नावाचं फळ्यावर काहीच चढलं नाही, कारण तुम्ही कधी काही मागितलं नाही. आणि कोणी विचारलं नाही. रोज खडू हातात धरून फळ्यापुढे मी उभी असायचे, विचारायला हवं होतं ते मीच. मला स्वतःची लाज वाटली.

तर आता विचारते. वन्सं, तुम्हाला काय हवं?

वहिनी

&nbsp;

१६ मार्च

वहिनी,

मोठी हेर झाली आहेस. हो, नाही पुसला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, गिऱ्हाईक हसेल, म्हणून नाही पुसला असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे, आणि तू परत दोन पत्रं शेजारी ठेवशील.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन गेले होते. हात वर गेला आणि तसाच खाली आला. म्हटलं, आजचा दिवस हेच रांधू. मग दुसरा दिवस तसाच गेला. पोस्टमन परवा म्हणाला, "ताई, मी काय गुन्हा केलाय, रोज कोबीच?" कारकूनबाई चार शनिवार केळ्यांसाठी येऊन गेली, मग यायचीच थांबली. मास्तर फळ्याकडे बघतात आणि मसूर मागतात.

तुझ्या प्रश्नावर चार दिवस विचार केला. रागच आला आधी. हे काय वय आहे विचारायचं? मग खरंच आठवायला बसले. काही आठवेना, वहिनी. पातेल्याच्या तळाशी उरतं ते मला आवडतं, असंच मी समजत होते. उरलेलंच खाल्लं सगळं आयुष्य, कधी मसूर उरली, कधी भात. वाईट नव्हतं, माझ्याच हातचं होतं. पण मागितलेलं नव्हतं, हे तू लिहिलंस तेव्हा कळलं.

तेव्हा तुझी बारावी जागा रिकामी सोड. बाईंना सांग, स्वयंपाकीण मूर्ख आहे.

आणि तू तिथेच राहा. हे मी रुसून लिहीत नाही. पोरगी एकटी पडेल. दादा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. आपल्या खाणावळीला काय, आज आहे उद्या नाही, पण नात एकदाच लहान असते. मी माझं निभावून नेईन. फळाही पुसेन, वेळ दे जरा.

नणंद

&nbsp;

२ एप्रिल

वन्सं,

शनिवारी आमचं हॉटेल झालं. टेबलांवर चादरी घातल्या होत्या. प्लंबर वाढपी झाला होता आणि खांद्यावर टॉवेल टाकून असा फिरत होता की जन्मभर नळ विसरेल. पाहुण्यांना यायची मुभा होती. जावई कामाला गेलेला, लेक घरी झोप काढत होती, म्हणून विहीणबाई बाळाला घेऊन आल्या.

त्या माझ्या टेबलावर बसल्या आणि कार्ड हातात घेतलं. मी पेन्सिल कानामागे खोचून समोर उभी. त्यांनी सगळं सावकाश वाचलं. काकडीच्या ओळीला एवढ्या मोठ्याने हसल्या की बाळ दचकलं. बटाट्यांची ओळ वाचून माझ्याकडे बघत राहिल्या, तो पंचा कशासाठी लागला होता ते आता त्यांना कळलं. मग बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी फक्त 'माझ्या कुन्यादासाठी' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. म्हणाल्या, हे काय आहे?

वन्सं, चार महिन्यांत मला कोणी स्पॅनिशमध्ये विचारलेला हा पहिला प्रश्न होता जो मला अख्खा कळला. आणि मी सांगितलं. मोडकं तोडकं सांगितलं, काळ चुकले, सगळी क्रियापदं उघडीवाघडी उभी केली, पण सांगितलं. फळा सांगितला, पुसला नाही ते सांगितलं, तुम्ही उरलेलं खाता तेही.

त्यांनी विचारलं, "तिच्याकडे परत कधी जाणार?"

म्हटलं, जाता येणार नाही. तुम्ही निघालात, मग बाळाकडे कोण?

त्या हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी जाते आहे, कारण तुम्ही राहणार आहात. मुलीच्या आईचा हक्क पहिला. मला वाटलं, तुम्हाला बाळ एकटीला हवं आहे." आणि तिकडे वाट कोण बघतंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, खिडकीतल्या दोन कुंड्या, आणि त्यांना शेजारीण पाणी घालते.

बघा काय वेडेपणा! मी समजत होते त्यांना घरची ओढ आहे. त्या समजत होत्या मी त्यांना घालवायला बसले आहे. चार महिने समोरासमोर बसून हसलो, ते एकमेकींना जागा करून द्यायला. तेवढ्यात प्लंबर वही काढून विचारायला आला, काय आणू? दोघींनी मिळून त्याला पिटाळला.

तिथेच टेबलावर वर्षाची वाटणी केली. मे ते ऑक्टोबर त्या, नोव्हेंबर ते एप्रिल मी. लेकीला रात्री जेवताना सांगितलं, तर ती आधी म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही!" आणि मग दोघींच्या मध्ये बसून रडली, तिलाही मनातून तुमचं लागून राहिलं होतं. म्हणजे कोट वाया जायचा नाही. आणि तो तुम्हालाही होईल असं मी उगाच नव्हतं लिहिलं. एका हिवाळ्यात खाणावळीला कुलूप लावा आणि मध्ये महिनाभर या. विहीणबाईंना काकडीवाल्या बाईची आणखी माहिती हवी आहे.

नऊ मेला येते.

बाईंनी मला अजून गुण दिलेले नाहीत. म्हणाल्या, अकराच पदार्थ आहेत, बारावा आला की बघू. तेव्हा माझा निकाल तुमच्या हातात आहे.

तुमची कुन्यादा

&nbsp;

१३ एप्रिल

वहिनी,

पत्र दुपारी आलं. पोस्टमनच घेऊन आला, आणि मी वाचून होईपर्यंत दारातच उभा राहिला, मेला. चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. म्हणाला, "मग आता कोबी सुटला का माझा?"

सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसला. रडले-बिडले नाही, खडूची धूळ गेली डोळ्यात. भोपळा केला, पालक केला, शनिवार होता म्हणून केळी भाजली आणि शिंपीकाकांना कारकूनबाईकडे निरोप घेऊन पाठवलं. माझ्या हाताने लिहिलं सगळं. मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं आणि पालकातली एक चूक सुधारून दिली. तूच बघ आल्यावर.

तुझ्या बाराव्याचं उत्तर त्याच सकाळी सापडलं. लिहायला उभी राहिले आणि उगाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. हातात खडू होता, फळा होता, मग काय राहिलं? मग आठवलं. तू फळा लिहायच्या आधी बाहेरच्या लहान शेगडीवर चहा ठेवायचीस. माझे हात पिठात असायचे, म्हणून तो तुझ्याकडे होता. तुझं लक्ष नेहमी बाहेर, गिऱ्हाइकाशी गप्पा चाललेल्या, तो रोज उतू जायचा. निम्मा शेगडीवर, निम्मा त्या पोचा आलेल्या ग्लासात, साखर दुप्पट. वाढायच्या खिडकीत ठेवून तू ओरडायचीस, "वन्सं, गार होतोय!" मी रोज म्हणायचे, हा काय चहा आहे?

तू गेल्यापासून मी चहा प्यायलेच नाही. करून बघितला दोनदा, पण माझ्या हातून नीट होतो.

तुझ्या बाईंना हे दे. नाव: वन्संचा चहा. खाली ओळ लिही: साखर जास्त, दूध कमी, निम्मा सांडलेला. स्पॅनिशमध्ये कसा बसवायचा तो तू बसव.

मी फळ्यावर सगळ्यात खाली तो लिहिलाय. नियमाने लिहिलाय, मागणाऱ्याच्या नावाने. काल पोस्टमन म्हणाला, "हे नवीन दिसतंय, एक चहा द्या." म्हटलं, तो विकायचा नाही. तो मी मागवलाय, नऊ मेला येतोय.

गॅसवर पातेलं आहे.

नणंद